पास वाढवावेत, असे मी लिहिले

शनिवार, १३ ऑक्टोबर १९८४, दुपारी एक वाजून चार मिनिटे. माझ्या हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीतील ही पहिली ओळ. तिच्याखाली लिहिले आहे: १, १०, धा, ३. पहिला प्रयत्न, दहा यार्ड हवेत, धाव, तीन यार्ड मिळाले. अमेरिकन फुटबॉल ज्यांनी कधी पाहिला नसेल त्यांना एवढे सांगितले तरी पुरे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते, सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांच्या हवाली करावा लागतो. सरकण्याचे मार्ग दोन. चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचे, ही धाव. किंवा क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूने तो दूर पळणाऱ्या सहकाऱ्याकडे फेकायचा, हा पास. आमच्या विद्यापीठाचा संघ धावणारा होता. दहा प्रयत्नांपैकी आठ वेळा तो भिंतीत घुसत असे, तीन यार्ड, चार यार्ड, पुन्हा दोन यार्ड, आणि पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागातील लोकांना हाच खेळ प्रामाणिक वाटे. त्यांचे वडील आणि आजोबा कोळशाच्या खाणींत असेच पुढे सरकले होते. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. संख्याशास्त्रात पीएच.डी. करण्यासाठी पुण्याहून येऊन मला चौदा महिने झाले होते, आणि हा संघ चुकीचा खेळतो आहे हे आकड्यांनी दाखवून देण्याचे काम माझ्याकडे आले होते.

मी राहत होते श्रीधरकाकांच्या घरी, तळघरातील खोलीत. काका माझ्या वडिलांचे नागपूरचे शाळासोबती. गावातील रुग्णालयात ते क्ष-किरणतज्ज्ञ होते आणि त्या गावात त्यांना वीस वर्षे होत आली होती. सुमनकाकू नागपुरात महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असत. येथे त्यांना ती नोकरी मिळाली नाही, म्हणून त्या विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून देत. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला त्यांचा विजेवर चालणारा टाइपरायटर कायमचा ठाण मांडून असे आणि उरलेल्या भागात आम्ही तिघे जेवत असू. त्या यंत्राची अखंड घरघर, ओळ संपत आल्याची बारीक घंटा, आणि हिवाळ्यात घर तापवणारी भट्टी पेटली की पाइपांतून चढत जाणारी टकटक, हा त्या घराचा आवाज. खाली माझ्या खोलीत पडल्या पडल्या मला कळत असे की वर काय टाइप होते आहे. इतिहासाचा प्रबंध असला तर पावसाळी गळतीसारखा सलग आवाज. गणिताचा असला तर मध्येच लांबलचक शांतता, कारण ग्रीक अक्षरांसाठी यंत्रातला अक्षरांचा गोळा काढून दुसरा बसवावा लागे. सामन्याच्या शनिवारी मात्र यंत्रावर कापड पडे आणि काकू गोळाभात करीत. चण्याची डाळ त्या गावात मिळत नसे. अमेरिकन दुकानातील पिवळा वाटाणा भिजवून, भरडून, त्यात तिखट-हळद-ओवा घालून त्याचे गोळे वळत आणि शिजत आलेल्या भातात ठेवून वाफवीत. वर मोहरी आणि लाल मिरचीची कडकडीत फोडणी. तो भात पोटभर खाऊन, पिवळा मफलर गुंडाळून काका स्टेडियमकडे चालत निघत.

काकांना धाव प्रिय होती. माझी वही उघडी दिसली की ते डोकावत.

"काय लिहून राहिली आहेस गं एवढं?"

"टक्केवारी, काका. आपण पहिल्या प्रयत्नाला दहापैकी नऊ वेळा धावतो. समोरच्यांना आधीच ठाऊक असतं."

"असू दे की ठाऊक. ठाऊक असूनही थांबवता येत नाही, त्यालाच तर ताकद म्हणतात."

"मागच्या शनिवारी थांबवलंच ना त्यांनी."

"एक मॅच काय हरलो, निघाली पोरगी संघ बदलायला! अगं, चेंडू हवेत गेला की तो कुणाचाच नसतो. हातात आहे तोवर आपला."

"दोघंही आधी जेवा," काकू म्हणत. "भात गार झाला की गोळ्यांचे दगड होतात. मग त्यांनीच खेळा तुमचा फुटबॉल."

काम माझ्याकडे आले ते असे. आमच्या विभागात सल्ल्यासाठी एक खोली होती. इतर विभागांतील लोक आपापले आकडे घेऊन तेथे येत आणि आम्हा विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी त्यांना मदत करी. बहुतेक जण कीटकशास्त्राचे किंवा मृदाशास्त्राचे असत. त्या सप्टेंबरात हॉल्ट नावाचे संघाचे सहाय्यक प्रशिक्षक आले. मान जवळजवळ नसलेला, हळू बोलणारा गृहस्थ. संघाने अधिक पास खेळावेत असे त्यांचे मत होते; मुख्य प्रशिक्षक ऐकत नव्हते. हॉल्टना उत्तर नको होते, पुरावा हवा होता. हा फरक मला तेव्हाही कळला होता आणि मी तो बाजूला ठेवला. विभागातील मुलांना हे काम हलके वाटले, म्हणून ते मी मागून घेतले. माझी शिष्यवृत्ती डिसेंबरात संपत होती. पुढची सोय न झाल्यास मला पुण्याला परतावे लागणार होते, आणि परतलेली मुलगी पुन्हा निघू शकत नाही हे मी माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत पाहिले होते. माझे मार्गदर्शक म्हणाले, "हे नीटनेटके करून दाखव. वसंत सत्रापासून संशोधन साहाय्यक म्हणून तुझे नाव देईन." त्यानंतर मला फुटबॉलमध्ये विलक्षण रस वाटू लागला.

सप्टेंबरातील सामन्यांचे तक्ते हॉल्टनी दिले. ऑक्टोबरपासून मी प्रेक्षकांच्या वरच्या काचेच्या खोलीत, प्रशिक्षकांच्या मागे एका कोपऱ्यात बसून स्वतः नोंदी करू लागले. धावेला 'धा', फेकीला 'फे', आकडे देवनागरी. एक तर मला तसेच भराभर लिहिता येत असे. शिवाय, खरे सांगायचे तर, शेजारी बसलेल्यांना माझ्या वहीत डोकावून काही कळू नये हेही मला आवडत असे. समासात मी इतर खुणा करीत असे: वारा सुटला, मैदान निसरडे झाले, कोणाचा पाय घसरला. कोणी सांगितले नव्हते. कच्च्या वहीत दिसेल ते सगळे लिहायचे ही शिस्त मला महाविद्यालयात लागली होती. फेकीच्या नोंदींसमोर 'प' हे अक्षर वारंवार येऊ लागले. प म्हणजे पडला. चेंडू हातातून सुटल्यानंतर, सगळ्यांचे डोळे चेंडूमागे गेलेले असताना, समोरचा कोणी क्वार्टरबॅकवर येऊन आदळत असे आणि तो पडत असे. त्या उंचीवरून आवाज ऐकू येत नाही. काचेमागून पडलेला माणूस आणि खाली बसलेला माणूस सारखेच दिसतात.

हा क्वार्टरबॅक, डेल, माझ्या ओळखीचा होता. संख्याशास्त्राच्या प्राथमिक वर्गाचे तास मी घेत असे आणि त्यात तो दुसऱ्यांदा बसला होता. एकवीस वर्षांचा, सडपातळ, बसल्या जागी सतत एक पाय हलवणारा. शंका विचारायला येई आणि शंका सोडून सगळे बोले.

"वरून तू माझ्याबद्दल काय लिहितेस?"

"तुझ्याबद्दल काही नाही. प्रयत्नांबद्दल लिहिते."

"मग एवढं लिही की यांना पोस्टमन हवा असेल तर पोस्टात जाऊन आणावा. तीन वर्षं मी मागच्याकडून चेंडू घेतो आणि बाजूच्याला देतो. घे, दे. घे, दे. व्यावसायिक संघांची माणसं बघायला येतात ना, ती माझं हस्ताक्षर बघायला येत नाहीत, फेक बघायला येतात."

"आकडे जे म्हणतील तेच लिहीन."

"आकडे काय म्हणतात?"

मी हसून त्याला त्याची गृहपाठाची वही परत केली. आकडे काय म्हणत होते ते मला तोवर कळलेले होते. धावेमागे सरासरी चार यार्ड, पासमागे सात.

येथे मला एका जुन्या सवयीविषयी लिहिले पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यातून निघाले. आमच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिकांच्या दोन वह्या असत. कच्च्या वहीत प्रयोग करताना हाती येतील ती निरीक्षणे लिहायची. नंतर घरी बसून ती सुवाच्य अक्षरात जर्नलमध्ये उतरवायची आणि जर्नलवर सरांची सही घ्यायची. गुण जर्नलला मिळत, कच्ची वही कोणी पाहत नसे. आलेखाच्या रेषेवर न बसणारा बिंदू आम्ही खोडत नसू. तो जर्नलमध्ये उतरवतच नसू. खोटे आम्ही कधी लिहिले नाही. माझे जर्नल तीन वर्षे वर्गात नमुना म्हणून फिरत होते. आजही मला वाटते की त्या देखण्या वह्यांनी मला कोणत्याही वाईट संगतीपेक्षा जास्त बिघडवले.

तीन सामने झाल्यावर, महिनाअखेरच्या रविवारी दुपारी मी अहवालाची स्वच्छ प्रत काकूंना टाइप करायला दिली. एका तक्त्यातील आकडा त्यांना लागेना, म्हणून त्यांनी हिरवी वही मागून घेतली. त्या बराच वेळ पाने उलटत राहिल्या. यंत्र नुसते घरघरत होते.

"हे समासात सारखं 'प' 'प' काय आहे गं?"

"पडला. चेंडू फेकून झाल्यावर."

"कोण?"

"क्वार्टरबॅक. समोरचे येऊन आदळतात ना त्याच्यावर."

काकूंनी पेन्सिलीचे मागचे टोक समासावरून खाली खाली नेले. ओठ हलत होते. मग त्या पुन्हा पहिल्या पानावर आल्या आणि या वेळी 'फे' मोजले.

"एकतीस फेकी, आणि एकोणीस वेळा प. विदुला, हे मी कुठल्या रकान्यात टाइप करू?"

"ते नाही घालायचं, काकू. त्यांनी विचारलेलंच नाही. चेंडू सुटल्यावर जे होतं त्यानं प्रयत्नाचा निकाल बदलत नाही."

"निकाल बदलत नाही," त्या म्हणाल्या. "आणि मुलगा?"

"तो फुटबॉल खेळतो, काकू. त्यात लागतंच. काकांना विचारा."

"त्यांना कशाला विचारू? ते सगळ्यांना आतूनच बघतात." त्यांनी वही मिटली. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "बारा वर्षं मी पोरींच्या जर्नलांवर सह्या केल्यात. कुठलं पान सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलंय आणि कुठलं पुस्तकातून उतरवलंय, एका नजरेत कळायचं मला. तरी सही करायचेच. घंटा व्हायची असायची, पोरी रांगेत उभ्या असायच्या." आणि त्या टाइप करू लागल्या.

मी शेजारी बसून एकेक पान तपासत होते. तो रकाना वाढवणे अशक्य नव्हते. एक संध्याकाळ गेली असती. पण तो वाढवला असता तर नऊ पानांचा अहवाल नुसता लांबला नसता. त्यात एक 'परंतु' आला असता, आणि हॉल्टना 'परंतु' नको होता, मार्गदर्शकांना नको होता, आणि डिसेंबर जवळ येत होता. हे सगळे मी तेव्हा शब्दांत मांडले नाही. मी फक्त पुढचे पान घेतले. शेवटच्या पानावर वाक्य होते: पहिल्या प्रयत्नाला पासचे प्रमाण किमान दुप्पट करावे.

सोमवारी हॉल्टनी मागची पाने आधी उघडली. चार आणि सात या आकड्यांखाली त्यांनी जाड पेन्सिलीने रेघ मारली.

"एवढंच मला हवं होतं. एवढ्यासाठी मी तीन वर्षं घसा फोडतोय."

"सर, आणखी एक गोष्ट आहे," मी म्हणाले.

"बोला."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. मला आठवते, त्यांच्या टेबलावर अर्धवट खाल्लेले सफरचंद होते आणि ते तांबूस पडत चालले होते.

"नमुना लहान आहे," मी म्हणाले. "एवढं लक्षात ठेवा."

ते हसले. शास्त्रज्ञ मंडळी असे म्हणायचीच, हे त्यांना ठाऊक होते.

त्या शनिवारी संघाने पहिल्याच प्रयत्नाला पास फेकला आणि प्रेक्षकांतून एक चमत्कारिक आवाज उठला, देवळात कोणी चप्पल घालून शिरावे तसा. पण आम्ही जिंकलो. डेलने अठ्ठावीस वेळा चेंडू फेकला. सामना संपल्यावर त्याने वर काचेकडे बघून दोन्ही हात उंचावले. तो कोणाला दाखवत होता हे खोलीतील इतरांना कळले नाही. घरी काका मफलर सोडता सोडता म्हणाले, "मान्य. हवेतला चेंडू कुणाचा नसतो म्हणालो होतो, आज आपलाच निघाला. पोरगी हुशार आहे, सुमन." काकूंनी उरलेला गोळाभात परतला होता. त्यांनी मला वाढले आणि विचारले, "आज किती?" मला प्रश्न कळला. "सतरा," मी म्हणाले. काकांना वाटले, आम्ही गुणांबद्दल बोलतो आहोत.

त्या रात्री झोपण्यापूर्वी मी सरासरी काढली. पासमागे सात यार्ड होते, ते पावणेसहा झाले होते. हे का झाले ते कोणत्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगता आले असते. पूर्वीचे पास फळत होते ते दुर्मिळ होते म्हणून. समोरचे धाव अडवायला पुढे दाटी करीत आणि मागे मोकळे रान सुटे. पास वाढताच ते रान बंद झाले. जे आकडे विरळ फेकींतून आले होते ते मी दाट फेकींना लावले होते. मला हे दिसले. 'एका सामन्याचा चढउतार', असे मी पानाच्या तळाशी लिहिले आणि दिवा मालवला.

पुढच्या शनिवारी बारीक हिमकण पडत होते. तिसऱ्या सत्रातील नोंद अशी आहे: ३, ८, फे, ११, प. आठ यार्ड हवे होते, अकरा मिळाले. माझ्या तक्त्याच्या हिशेबाने तो त्या दुपारचा सर्वांत यशस्वी प्रयत्न. लोक ओरडत उभे राहिले, कारण त्यांचे डोळे चेंडूवर होते. मग मैदानाच्या एका बाजूने तो आवाज विझत गेला आणि हळूहळू सगळीकडून विझला. डेल उठला नव्हता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली अशा दिशेला वळला होता जी पायाची दिशा नसते. दोघे जण त्याच्याभोवती गुडघ्यांवर बसले, मग चौघे, मग स्ट्रेचर आले. काचेच्या खोलीत हॉल्टनी कानावरचे यंत्र काढून टेबलावर ठेवले आणि थोड्या वेळाने पुन्हा चढवले. खेळ सुरू झाला. पुढच्या प्रयत्नाचीही नोंद मी केलेली आहे. तिचे अक्षर जरासुद्धा बदललेले नाही, आणि ते पान मी सहसा उघडत नाही ते त्यामुळेच.

काकांना स्टेडियममधूनच रुग्णालयात जावे लागले. ते परतले तेव्हा अंधार पडला होता. रुग्णांविषयी घरात बोलायचे नाही हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. कोट न काढता ते टेबलाशी बसले. काकूंनी पान वाढले. काकांनी भाताला बोट लावले नाही.

"त्या पोराचं वय काय गं?" त्यांनी विचारले.

"एकवीस."

"हं." मग ते म्हणाले, "सुमन, त्या रेडिओचा आवाज बंद कर." रेडिओ बंदच होता. काकू उठल्या, रेडिओपर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या.

सोमवारी मी हिरवी वही घेऊन हॉल्टकडे गेले. मी सगळे 'प' लाल शाईने अधोरेखित केले होते. त्यांनी वही आडवी धरली, मग उभी.

"ही कुठली लिपी?"

"देवनागरी. मराठी. हे चिन्ह जिथं आहे तिथं तो पडला आहे. हे मी अहवालात घालायला हवं होतं."

त्यांनी पाने उलटली, एकूण एक. "यंग लेडी," ते शांतपणे म्हणाले, "मी हे दर रविवारी फिल्मवर पाहतो. पुढे-मागे करून पाहतो. तुमच्या वहीची मला गरज नाही. आमची पुढची फळी घुसायला शिकलेली आहे. मागे सरून त्याच्याभोवती उभं राहायला तिला वर्षभर तरी शिकवावं लागलं असतं. ते मला ठाऊक होतं."

"मग?"

"मग काय? कागदावर नव्हतं." त्यांनी वही मिटून माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही चांगलं काम केलंत. तुमच्या प्रोफेसरांना मी तसं कळवलं आहे."

कळवलेच होते. जानेवारीत मला संशोधन साहाय्यकाची जागा मिळाली. शिफारशीत 'अत्यंत स्वच्छ काम' असे शब्द होते.

डेलला भेटायचे धैर्य मला दोन महिने झाले नाही. शेवटी प्लास्टर निघाल्यावर, विद्यापीठाच्या व्यायामोपचार केंद्रात मी गेले. तो एका उंच बाकावर पाय लांब सोडून बसला होता. प्लास्टरमधून निघालेला पाय दुसऱ्याच कोणाचा वाटत होता, बारीक, फिकट, कातडी सुटलेली. मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले: समास, प, स्वच्छ प्रत. मनात पाठ करून गेले होते, त्यामुळे फार लवकर संपले.

"एकूण किती?" त्याने विचारले.

"त्रेपन्न. माझ्या पाच सामन्यांत."

"मी तीसपर्यंत मोजले होते. मग म्हटलं, मोजणं तुझं काम." तो हसला, पण पाय हलवायची त्याची सवय गेली होती. "हे बघ, तू लिहिणार आहेस असं मला कळलं असतं तर मी तुला ते काढून टाकायला लावलं असतं. हात जोडले असते. मला फेकायचं होतं."

"मग माझ्यावर राग नाही?"

"आहे," तो म्हणाला. "माझा पाय होता. विचारायचंस. मी नको म्हणालो असतो, पण विचारायचंस."

या वाक्यावर मी चाळीस वर्षे विचार केला आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर म्हणाल तर ते मला आजही ठाम वाटते: धावणाऱ्या संघाला चांगला पास हवाच, एकच मार्ग ठाऊक असलेला संघ बलवान समोरच्यापुढे लवकर उघडा पडतो. तो एक शनिवार सोडला तर काका शेवटपर्यंत हे मानायला तयार नव्हते आणि ते चुकत होते. पण फेकणाऱ्याभोवती कोण उभे राहणार, हे ठरल्यावाचून तो प्रश्न विचारायचाच नसतो, आणि मी तो तसा विचारला होता. पुढे औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासण्यात माझे सारे आयुष्य गेले. समासात लिहिलेले मी इतरांकडून सक्तीने तक्त्यात आणवले; सहकारी मला त्यासाठी जाचक म्हणत. त्याने मागचे काही भरून आले असे मात्र मला वाटत नाही.

मी निघाले तेव्हा त्याने हाक मारली. "वही आहे ना तुझी? मग हे लिहीत जा. इथं कुणी नीट लिहीत नाही." गुडघा किती वाकतो ते आठवड्यातून दोनदा मोजत. उपचार करणारी बाई, उंच आणि अबोल, प्लास्टिकचा कोनमापक गुडघ्याशी धरी आणि दुसऱ्या हाताने घोटा मागे रेटी. डेल छताकडे बघत दात आवळी. आणि ती आकडा बोलली की मी तो हिरव्या वहीत उतरवत असे. पहिल्या दिवशी बावीस अंश. मग अडतीस. मग एकेचाळीस, आणि पुन्हा एकेचाळीस. मी विचारले, किती व्हायला हवेत? ती म्हणाली, "जिना सरळ उतरायचा तर नव्वद. धावायचं असेल तर त्याहून पुष्कळ." डेलने विचारले, "आणि पोस्टमनला?" तिला विनोद कळला नाही. फेब्रुवारीत आकडे भराभर वाढले, तेव्हा आम्ही तिघेही थोडे बोलू लागलो. मार्चमध्ये ते अडले. चौऱ्याऐंशी, सत्त्याऐंशी, शहाऐंशी. या वेळी समास कोरा होता. लिहायचे ते सगळे मी रकान्यातच लिहीत होते.

मार्चच्या एका मंगळवारी तिने दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा तोच आकडा सांगितला. डेलने पायमोजा चढवला, काठी घेतली आणि "गुरुवारी" असे म्हणून तो निघाला. इमारतीच्या पायऱ्या तो कठड्याला धरून, आडवा होऊन, एकेक पाय आणीत उतरत होता. मी खिडकीतून पाहत होते. गुरुवारी बाक रिकामे होते. त्याने विद्यापीठ सोडले होते. भाऊ ट्रक घेऊन आला आणि त्याला खाणीच्या गावी घेऊन गेला, असे त्या बाईने सांगितले. पत्ता मी मागितला नाही. वहीत त्यानंतर पुष्कळ पाने उरली आहेत. शेवटच्या लिहिलेल्या पानावर, मंगळवार, १९ मार्च १९८५, दुपारी चार वाजता, डावा गुडघा: ८७ अंश.